जपानहून घरी: आज्जीला कोंडून नको ठेवू

ती. आई-पप्पा, सा.न.वि.वि.

मी एकदम बरी आहे. तू दिलेली कांदा-लसूण चटणी अजून शिल्लक आहे, भात इथं रोज असतोच, त्यामुळं वाळली-बिळली नाही, व्हिडिओत तसं दिसतं. आणि भूकंपाचं रोज रोज नका विचारू, बिल्डिंगी त्या हिशोबानंच बांधल्यात.

पप्पा, "नर्सिंग शिकून म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला गेलीस काय" म्हणालात ते मनाला लागलं. हा वृद्धाश्रम नाही ओ, डे केअर आहे. सकाळी आमची गाडी दारात जाते, आज्जी-आजोबांना घेऊन येते, बीपी बघायचं, आंघोळ, जेवण, दुपारी गाणी, व्यायाम, आणि चारच्या सुमाराला परत घरी सोडायचं. रात्री ते आपल्याच माणसांत असतात. २००० सालापासून इथं सरकारी विमा आहे, ४० वर्षं झाली की प्रत्येकानं भरायचाच, मग बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्साच पडतो. तेवढ्या वेळात घरची सून नोकरी करते नाहीतर नुसती झोपते, आणि तिला कोण नावं ठेवत नाही.

एक गोष्ट बघून मात्र मी पहिल्यांदा चाटच पडले. जेवणाआधी सगळे ओळीनं बसून जोरजोरात म्हणतात, पा पा पा, ता ता ता, का का का, रा रा रा. मला वाटलं प्रार्थना असंल. पण हा तोंडाचा व्यायाम आहे. पा म्हणताना ओठ गच्च मिटतात, म्हणजे घास बाहेर सांडत नाही. ता ला जीभ टाळूला दाबली जाते, का ला घशाकडची ताकद वाढते, रा ला जीभ वळते, घास मागं सरकवायला. आज्जीसारख्या विसरण्याच्या आजारात, म्हणजे डिमेन्शियात, पुढं पुढं गिळायचंच जमत नाही, घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो. आज्जीला चहा पिताना ठसका लागतो म्हणालीस ना? तिला ताठ बसवून, हनुवटी जरा खाली करून, घोट घोट दे, आडवी असताना अजिबात नको, आणि डॉक्टरांनाही सांग. आणि हे पा-ता-का-रा पप्पांनी तिच्याबरोबर म्हणायचं, लाजायचं नाही.

आई, आज्जी एकटीच बाहेर पडून बिंदू चौकात सापडली तेव्हापासून तू कडी लावतेस, मला कळतंय, तू एकटी किती बघणार. पण कोंडलं की ती जास्त बिथरंल. इथं एक आज्जी दुपार झाली की उठतात, पोरं शाळेतून येतील म्हणून. पोरं साठीची झालीत, पण आम्ही ते बोलत नाही. टॉवेल पुढ्यात ठेवतो, एवढ्या घड्या घालून द्या, मग निघू. त्या कोपऱ्याला कोपरा जुळवून, हातानं दाबून घडी घालतात, तेवढ्यात जीव शांत होतो. आपली आज्जी गडहिंग्लजला माहेरी जायचं म्हणाली की "तुझी आई कधीच गेली" असं सांगू नको, दरवेळी तिला ते नव्यानं कळतं. जाऊया म्हण, मेथी निवडायला दे, काड्या राहिल्या तर राहूदेत. ब्लाउजला आतनं पप्पांचा नंबर शिव, रिक्षा स्टॉपवर तिचा फोटो दाखवून ठेवा. तिला रंकाळ्यावर न्या. आपल्याकडं डे केअर मिळालं तर घाला, आत्या काय म्हणते ते मी बघते. दुसऱ्यांच्या आज्जीची नखं कापताना तुमची आठवण येते, पण ते जाऊदे, मी मजेत आहे.

पैसे बुधवारी टाकलेत, येनचा रेट पडलाय म्हणून कमी दिसतील. सोसायटीचा हप्ता भरा, उरलेल्यात दुपारी आज्जीजवळ बसायला बाई ठेवा, माझ्यासाठी सोनं नको. इचलकरंजीच्या स्थळाला नाही म्हणत नाही, पण आत्ताच्या व्हिसावर नवऱ्याला आणता येत नाही आणि तो मिळून पाचच वर्षांचा. केअरगिव्हरची सरकारी परीक्षा पास झाले की दुसरा व्हिसा मिळतो, त्यावर आणता येतं. मुलगा इकडं यायला तयार आहे काय ते आधी सरळ विचारा, पत्रिका नंतर. दिवाळीला जमणार नाही बहुतेक, रागावू नका. आज्जीचं बी-१२ आणि थायरॉईड तपासलं का? त्यानंही विसरायला होतं, रिपोर्ट आला की फोटो टाका.

तुमची,
पिंकी