बंद पडलेला सांडपाणी प्रकल्प सुरू करण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

ओढ्याकाठचा आपला सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प बंद आहे, हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला वासावरूनच कळते. गटारांचे पाणी आजही त्याच टाक्यांत जाते आणि जसे येते तसेच ओढ्यात उतरते. कावीळ, हगवण, टायफॉइडचे जंतू याच पाण्यातून काठच्या विहिरींत पोचतात. गावसमितीने प्रकल्प पुन्हा चालवायचे ठरवले आहे, त्यासाठी आपली मदत हवी आहे.

तो बंद का पडला, हे आधी सांगायला हवे. टाक्या शाबूत आहेत. बांधकामाला पैसे मिळाले. चालवायला कुणी तरतूद केली नाही. अशा प्रकल्पाची निम्मी वीज बहुधा टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरलाच लागते. बिल थकले, ब्लोअर थांबला, पगार नाही म्हणून ऑपरेटरही गेला. घरे थोडी असली तरी राखणारा माणूस लागतोच, आणि तो खर्च थोड्याच घरांत वाटला जातो. लहान गावांतले प्रकल्प इथेच अडकतात.

म्हणून एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा थोडी रक्कम, पण न चुकता, असे आम्ही मागतो. सुरुवातीची टाक्यांची सफाई सोडली, तर ती वीजबिल आणि ऑपरेटरचा पगार यांवरच खर्च होईल. हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल.

नुसते बटण दाबून प्रकल्प सुरू होत नाही. पाण्यातली घाण खातात ते जिवाणू, आणि त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो, लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम. हवा बंद झाली की ते तग धरत नाहीत. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी 1914 मध्ये दाखवून दिले होते, की आधीचा जिवंत गाळ, म्हणजे याच जिवाणूंनी भरलेला गाळ, टाकीत राखला तर नवे सांडपाणी कितीतरी लवकर शुद्ध होते. आपल्यालाही तसा गाळ चालू प्रकल्पातून आणावा लागेल. कुणाची अशा प्रकल्पात ओळख असेल, कुणाकडे टँकर असेल, तर जरूर कळवा. गाळ टाकल्यावर काही आठवडे रोज लक्ष ठेवावे लागेल.

मोटार-पंपाचे काम जाणणारा इलेक्ट्रिशियन आणि फिटर हवा आहे. शिकायची तयारी असलेले दोन तरुण किंवा तरुणीही हव्यात. दोघे अशासाठी, की एक आजारी पडला तरी काम थांबू नये. शिकवण्याची व्यवस्था समिती करेल.

आवारातले गवत काढायला, जाळीसमोरचा कचरा उचलायला सगळ्यांनी यावे. मात्र एक कळकळीची विनंती: कोणत्याही टाकीत किंवा चेंबरमध्ये कुणीही उतरू नये, आत काही पडले तरी नाही. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकाला तो वास कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. वाचवायला उतरलेलाही वर येत नाही. टाक्या यंत्राने उपसणाऱ्या प्रशिक्षित लोकांकडूनच साफ करून घेऊ. मदतीचा पहिला पैसा त्यालाच लागेल.

ज्यांना पैसे किंवा वेळ देणे जमणार नाही, त्यांनी आजपासून चिंध्या, डायपर, सॅनिटरी पॅड आणि स्वयंपाकाचे तेल गटारात जाऊ देऊ नये. पंप याच गोष्टींनी तुंबतो.

दरमहा किती देता येईल आणि कोणत्या कामाला येता येईल, हे गावसमितीच्या कार्यालयातील वहीत नोंदवावे.

आपली,
गावसमिती