फिक्स होतो तो रेट, बिल नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर मी रोज सकाळी फोनवर वाचते, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. तुमच्या कितीतरी वाचकांची मुलं, सुना, जावई आता अशा थंड देशांत राहतात जिथे वर्षातले पाच-सहा महिने घर तापवल्याशिवाय राहताच येत नाही, मी पण त्यातलीच एक. सप्टेंबर संपत आला की ओळखीच्या प्रत्येक घरात एकच प्रश्न निघतो, हीटिंगचा फिक्स्ड रेट प्लॅन (ठरलेल्या मुदतीपर्यंत गॅस-विजेचा भाव बदलत नाही असा) घ्यायचा का बाजाराप्रमाणे बदलणाऱ्या चालू रेटवरच राहायचं? आणि उत्तरं दोनच मिळतात, एकतर "डोळे झाकून घे" नाहीतर "अजिबात घेऊ नको, लुटतात". दोन्ही ऐकून मी एकदा पस्तावलेय म्हणून हे सविस्तर लिहितेय, थोडं लांबेल पण छापलंत तर या थंडीत कुणाचे तरी पैसे वाचतील.

आधी माझं सांगते. 2022 च्या ऑगस्टमध्ये मी दोन वर्षांचा फिक्स्ड प्लॅन घेतला. तेव्हा युरोपात काय चाललं होतं ते आठवत असेल, रशियाकडून पाइपलाइनने येणारा गॅस आटत चालला होता, रोज टीव्हीवर हिवाळ्यात काय होणार हीच चर्चा, घरात लहान मूल, माझ्या पोटात नुसता गोळा. फोनवर कंपनीचा माणूस म्हणाला आज घेतलात तर हा रेट, उद्याचं सांगता येत नाही. घेऊन टाकला. त्याच महिन्याच्या अखेरीला नेदरलँड्सच्या टीटीएफ या घाऊक बाजारात गॅसचा भाव मेगावॅट-तासाला (म्हणजे 1,000 युनिटला) 300 युरोच्या वर गेला होता, 2021 च्या सुरुवातीला हाच भाव 20 च्या आसपास होता, आणि 2023 च्या मेअखेर परत 30 च्या खाली आला. म्हणजे मी नेमकी डोंगराच्या टोकावर असताना गाठ मारून घेतली होती. शेजारणीचा चालू रेट तिमाही-तिमाहीला उतरत होता आणि माझा मात्र जागच्या जागी. सोडायचा म्हटलं तर एक्झिट फी इतकी की ती भरून बाहेर पडण्यातही काही उरत नव्हतं.

आता यात कंपनीने फसवलं का? रेटच्या बाबतीत नाही, आणि हे समजायला मला वर्ष लागलं. कंपनी तुम्हाला वर्षभराचा रेट देते तेव्हा ती वर्षभराचा गॅस किंवा वीज बाजारात आधीच, पुढच्या महिन्यांच्या भावाने बोलून ठेवते. त्या भावात बाजाराला वाटणारी सगळी भीती आधीच धरलेली असते, वर तुम्ही जास्त वापरलात तर, कमी वापरलात तर, मधेच सोडून गेलात तर, या जोखमीचे पैसे आणि कंपनीचा नफा. म्हणून ज्या दिवशी आपल्याला फिक्स करावंसं सगळ्यात जास्त वाटतं त्याच दिवशी तो सगळ्यात महाग असतो, किंवा मिळतच नाही, 2022 मध्ये ब्रिटनमध्ये तर बाजारातून चांगले फिक्स्ड प्लॅन जवळपास गायबच झाले होते. फिक्स करायचं असेल तर बातम्यांत गॅस नसतो तेव्हा करावं. हे बोलायला सोपं आहे, पाळायला फार अवघड, मला माहितीये.

म्हणून मी आता या प्लॅनकडे विमा म्हणूनच बघते. विम्याचा हप्ता भरला आणि वर्षभरात काही झालं नाही तर आपण पैसे वाया गेले म्हणून रडत नाही. पण विमा घेताना आपण दोन गोष्टी नक्की बघतो, हप्ता किती आणि वाईट झालंच तर आपल्याला ते झेपलं असतं का. इथेही तेच दोन प्रश्न. लोक मात्र तिसराच प्रश्न विचारतात, भाव वाढणार का उतरणार? ते कुणालाच सांगता येत नाही, कंपनीच्या माणसाला तर नाहीच नाही.

हप्ता किती, म्हणजे फिक्स्ड आपल्याला चालू रेटपेक्षा किती महाग पडतो, हे काढायला स्वतःच्या युनिटचा आकडा लागतो आणि इथे बहुतेक जण अडकतात. माझा मीटर जिन्याखालच्या कपाटात आहे, झाडू-बादली बाजूला करून टॉर्च मारून वाचावा लागतो, पाच काळे आकडे आणि पुढे तीन लाल, काळेच घ्यायचे. दर रविवारी मी एका वहीत तारीख, आकडा आणि बाहेरचं तापमान लिहिते. त्या वहीत जानेवारीतल्या एका आठवड्याला 62 घनमीटर दिसतात आणि एप्रिलअखेरच्या एका आठवड्याला 14. घर तेच, माणसं तीच. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण 10 ते 11 युनिट, नेमका गुणक बिलावर छापलेला असतो. वर्षभराची वही झाली की तुम्हाला कळतं की तुमच्या घराचा खर्च बारा महिन्यांत सारखा पसरलेला नाहीये, तो तीन-चार महिन्यांत कोंबलेला आहे, आणि फिक्स्डचा सगळा हिशोब तिथेच फिरतो.

उदाहरण देते. समजा वर्षाला 100 युनिट वापर आहे, त्यातले 35 ऑक्टोबर ते डिसेंबर, 45 जानेवारी ते मार्च आणि उरलेले 20 एप्रिल ते सप्टेंबर. फिक्स्ड रेट आजच्या चालू रेटपेक्षा 8 टक्के महाग आहे. ऑक्टोबरमध्ये घेतला आणि चालू रेट जानेवारीत 15 टक्के वाढला, तर चालू रेटवाल्याला वर्षभराचे सरासरी पावणेदहा टक्के जास्त पडले, म्हणजे फिक्स्डवाला थोडक्यात जिंकला. पण तीच 15 टक्के वाढ एप्रिलमध्ये झाली तर चालू रेटवाल्याला फक्त 3 टक्के जास्त पडले आणि फिक्स्डवाला 5 टक्क्यांनी हरला. वाढ तेवढीच, फक्त महिना बदलला! म्हणून "भाव 15 टक्के वाढणार आहेत" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते कधीपासून. आणि प्लॅन संपतो कधी हेही बघा, ऐन जानेवारीत संपणारा प्लॅन म्हणजे थंडीच्या मध्यात तुम्ही परत बाजारात उभे, आणि काही केलं नाहीत तर बऱ्याच कंपन्या आपोआप चालू रेटवर टाकून देतात, तो स्वस्तच असेल असं नाही.

आता ज्या गोष्टीचा मला खरंच राग आहे ती. विकताना "तुमचं बिल फिक्स" असं बोलतात. मला पण असंच सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, त्यांचे गुडघे दुखतात, थर्मोस्टॅट 19 वरून 21 वर नेला. थर्मोस्टॅट एक डिग्री खाली केला तर हीटिंगचा वापर सुमारे 7 टक्क्यांनी कमी होतो असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगते, म्हणजे दोन डिग्री वर गेलो तर काय होणार ते उघड आहे. त्यात ती थंडीही कडक होती. वर्षअखेरचा हिशोब आला आणि डोळे पांढरे झाले, महिन्याचा हप्ताही वाढवून आला. फोन केला तर म्हणतात "मॅडम, रेट फिक्स आहे, वापर नाही". बरोबरच आहे की, पण हे वाक्य विकताना का नाही सांगत? महिन्याला जी ठरावीक रक्कम खात्यातून जाते ती नुसता अंदाज असते, उन्हाळ्यात जास्त भरून हिवाळ्यासाठी साठवायची सोय, तिचा फिक्स्ड रेटशी काही संबंध नाही. ही गल्लत शिकलेली माणसंही करतात. ब्रिटनमध्ये 2019 पासून सरकारी नियामकाने चालू रेटवर कमाल मर्यादा लावलीये, तीसुद्धा युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर (वापर नसला तरी लागतो तो) आहे, तरी लोकांना वाटतं की बातमीत सरासरी घराच्या बिलाचा जो आकडा येतो त्यापेक्षा जास्त बिल येऊच शकत नाही.

काही ठिकाणी खरोखरच बिल फिक्स असलेला प्लॅनही मिळतो, कितीही वापरा, महिन्याला तेवढेच. ऐकायला छान वाटतं पण माझा त्याला विरोध आहे. त्यात थंडीची जोखीमही कंपनी घेते आणि त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेते, शिवाय माणूस खिडकी उघडी टाकून हीटर चालू ठेवायला लागतो आणि पुढच्या वर्षीची रक्कम त्या वाढलेल्या वापरावर ठरते. घराला इन्सुलेशन करून घेतलंत, खिडक्यांच्या फटी बुजवल्यात, तर त्या वर्षी त्याचा एक पैसा तुम्हाला मिळत नाही.

फिक्स्ड या शब्दाच्या आत काय काय येतं हेसुद्धा विचारायलाच हवं. कित्येक ठिकाणी फक्त ऊर्जेचा भाव फिक्स असतो, नेटवर्कचे, म्हणजे पाइप-तारांचे, चार्जेस आणि कर बदलले की बिल बदलतं. कधी युनिटचा रेट कमी दाखवतात आणि रोजचा स्थिर आकार वाढवून ठेवतात, छोट्या फ्लॅटमध्ये कमी वापर असणाऱ्याला हा प्लॅन महागच पडतो, म्हणून दोन्ही आकडे स्वतःच्या युनिटला लावून वर्षाची बेरीज करून बघा, कंपनीने दाखवलेली बेरीज सरासरी घराची असते, तुमच्या घराची नाही. एक्झिट फी गॅसला वेगळी, विजेला वेगळी आहे का ते बघा. घर बदललं तर प्लॅन बरोबर नेता येतो का? युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये फोनवरून किंवा ऑनलाइन केलेला करार 14 दिवसांत रद्द करता येतो, घाईत हो म्हटलं असेल तर हे लक्षात ठेवा, मला तेव्हा माहीतच नव्हतं.

आणि कंपनी टिकेल का? 2021 च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये एकामागून एक पुरवठादार बुडाले, दोन डझनांहून जास्त, कारण त्यांनी लोकांना स्वस्त फिक्स्ड रेट देऊन ठेवले होते पण तेवढा गॅस आधी बोलून ठेवला नव्हता. गिऱ्हाइकांचा पुरवठा थांबला नाही, त्यांना दुसऱ्या कंपनीकडे दिलं, पण फिक्स्ड रेट गेला आणि महागडा चालू रेट गळ्यात पडला. म्हणजे ज्या संकटासाठी विमा काढला त्याच संकटात विमा कंपनी बुडाली. सगळ्यात स्वस्त फिक्स्ड दिसला की म्हणून मला भीतीच वाटते.

इतकं सगळं वाचून वाटेल की मी फिक्स्डच्या विरोधात आहे. नाहीये. 2021 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं, विजेचा घाऊक भाव मेगावॅट-तासाला 9,000 डॉलर झाला, म्हणजे एका युनिटला 9 डॉलर, आणि ज्यांचा प्लॅन थेट घाऊक भावाला जोडलेला होता त्यांना काही दिवसांसाठी हजारो डॉलरची बिलं आली. ज्यांचा रेट फिक्स होता त्यांना या भावाची झळ तेव्हा बिलात लागली नाही. ज्या घरात एकच पगार आहे, पेन्शनवर भागवायचंय, म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ आहे म्हणून हीटिंग बंद ठेवता येतच नाही, त्यांनी चार-सहा टक्के जास्त देऊन वर्षभराचा फिक्स्ड घ्यावा, मी तर आग्रहाने सांगेन. भाव चढले म्हणून हीटर बंद करून थंडीत बसणारी माणसं मी पाहिलीत, त्या भीतीतून सुटका होणं याची किंमत मोजावी असंच मला वाटतं. ज्यांच्याकडे गाठीला चार पैसे आहेत आणि एखादा हिवाळा महाग गेला तरी जीव टांगणीला लागत नाही, त्यांनी चालू रेटवर राहिलं तरी चालेल, फक्त थेट घाऊक भावाला जोडलेला प्लॅन, ज्याला वर मर्यादा नाही, तो घर तापवायला कुणीच घेऊ नये.

तेलाची टाकी असणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. त्यांना काही ठिकाणी उन्हाळ्यातच हिवाळ्याचं तेल बुक करता येतं, किंवा थोडी फी भरून असा प्लॅन मिळतो की भाव ठरावीक मर्यादेच्या वर जाणार नाही पण बाजार उतरला तर तुम्हालाही उतरलेलाच लागेल. असा प्लॅन गॅसला मिळाला असता तर मी तोच घेतला असता.

माझा दोन वर्षांचा करार 2024 मध्ये संपला तेव्हा मी तीन संध्याकाळी वही घेऊन बसले. फिक्स्ड आमच्या वापराला साडेतीन टक्के महाग पडत होता, एक्झिट फी जवळजवळ नव्हती. एका वर्षाचाच घेतला, दोनचा नाही, आणि मार्चनंतर संपेल असा. मधे चालू रेट उतरलाही, त्याचं मला या वेळी काही वाटलं नाही. सासूबाईंच्या खोलीतला रेडिएटर रात्रभर चालू होता आणि रविवारी कपाट उघडून मीटर बघताना छातीत धडधडत नव्हतं. आता परत सप्टेंबर येईल, कंपनीचे फोन येतील. वही तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक