सूचना मागवल्या, तर त्यांचे उत्तरही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेटमुळे लोकशाहीतील नागरिकांचा सहभाग वाढतो असे नेहमी म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. मात्र मत नोंदवण्याची सोय झाली एवढ्याने सहभाग पुरा होत नाही, त्या मताची दखल घेणे कोणावर तरी बंधनकारक असावे लागते, हा मुद्दा चर्चेत मागे पडतो.

मध्यंतरी एका कायद्याच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवल्याचे वाचून मी सलग तीन संध्याकाळी तो कलमवार वाचून काढला आणि माझ्या हरकती ऑनलाइन पाठवल्या. पोच म्हणून एक क्रमांक तत्काळ मिळाला. पुढे त्या हरकती कोणी वाचल्या का, एकूण किती आल्या, माझी मान्य झाली नसल्यास कोणत्या कारणाने, यांपैकी काहीही मला आजतागायत कळलेले नाही.

फिनलंडमध्ये २०१२ पासून वेगळी व्यवस्था आहे. एखाद्या प्रस्तावाला सहा महिन्यांत ५० हजार मतदारांचा पाठिंबा मिळाला, तर संसदेला तो विचारात घ्यावाच लागतो. ऑनलाइन पाठिंबा देणाऱ्याची ओळख बँकेच्या लॉगिनसारख्या खात्रीच्या मार्गाने पडताळली जाते आणि ज्यांना इंटरनेट जमत नाही त्यांना कागदावर सही करता येते. समलिंगी विवाहाला मान्यता देणारा तेथील कायदा याच वाटेने आला व १ मार्च २०१७ रोजी लागू झाला. प्रस्ताव फेटाळण्याचा अधिकार संसदेकडे अर्थातच आहे, आणि तो असायलाही हवा. पण तो न उघडता बाजूला ठेवण्याची मुभा तिला नाही.

दुसरे उदाहरण तैवानचे. २०१५ मध्ये उबरच्या टॅक्सीसेवेवरून तेथे मोठा वाद झाला, तेव्हा लोकांची मते एका निराळ्या पद्धतीने घेण्यात आली. कोणीही आपले म्हणणे छोट्या विधानात मांडायचे आणि इतरांनी त्यावर सहमत, असहमत किंवा तटस्थ एवढेच नोंदवायचे. दुसऱ्याच्या विधानाला उलट उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नव्हती, त्यामुळे हमरीतुमरीला जागा उरली नाही. सारखा कौल देणाऱ्यांचे गट नकाशासारखे पडद्यावर दिसत, आणि परस्परविरोधी गटांनाही मान्य असलेली विधाने, उदाहरणार्थ प्रवाशांच्या विम्याविषयीची, आपोआप वर येत. पुढे नियम करताना सरकारने या सहमतीचा आधार घेतला. एरवी समाजमाध्यमांवर जो सर्वांत मोठ्याने बोलतो तोच ऐकू येतो, म्हणून मला ही रचना विशेष मोलाची वाटते.

केवळ उत्साहावर भागत नाही, हे आइसलँडमध्ये दिसले. तेथे २०११ मध्ये २५ सदस्यांच्या परिषदेने नव्या राज्यघटनेचे मसुदे वेळोवेळी इंटरनेटवर ठेवले आणि फेसबुकवरूनही सूचना घेतल्या. ऑक्टोबर २०१२ च्या सल्लादर्शक सार्वमतात सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी नवी राज्यघटना त्या मसुद्यावर आधारावी असा कौल दिला, तरीही संसदेने तो मसुदा मंजूर केला नाही. लोकांचे म्हणणे आणि अंतिम निर्णय यांना जोडणारा बंधनकारक दुवाच तेथे नव्हता.

म्हणून जेथे जेथे मसुद्यावर ऑनलाइन सूचना मागवल्या जातात, तेथे आलेल्या सर्व सूचना पाठवणाऱ्यांची खासगी माहिती वगळून सर्वांना वाचता याव्यात, आणि कोणत्या सूचना का स्वीकारल्या व कोणत्या का नाकारल्या याचे मुद्देनिहाय लेखी उत्तर विधेयक सभागृहात मांडण्यापूर्वी प्रसिद्ध करण्याचे बंधन कायद्यातच घालावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक