चार पायांचा कोयता

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत सत्ता, माणूस आणि निसर्ग या विषयावरच्या आजच्या चित्रकलेबद्दल लेख आला होता आणि लगेच बुधवारी एका वाचकाचं पत्र, की ही सगळी मुंबई-पुण्याची थेरं आहेत, मराठवाड्यातल्या माणसाला त्यातलं काय कळणार, आधी आम्हाला पाणी द्या. पाण्याचं शंभर टक्के बरोबर. कळण्याचं काही मला पटलं नाही म्हणून लिहितोय. मी पाटोदा तालुक्यात चित्रकलेचा मास्तर आहे, पत्रं लिहायची सवय नाही, लांबलं तर कापा.

आठेक वर्षं झाली असतील. एलिमेंटरी या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेची तयारी चालू होती, स्मरणचित्राला विषय दिला 'शेतात काम करणारी माणसं'. सगळ्या पोरांनी ठरलेलं काढलं, दोन डोंगर, मधून सूर्य, औत, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. एका लेकरानं कागदभर एकच कोयता काढला आणि त्याला चार पाय. दोन पायांत फाटके बूट, दोन पायांत जोडवी. मी लाल पेनानं लिहिलं 'माणसं कुठायत?' आणि शंभरातले तीस मार्क देऊन मोकळा झालो. पोरगं काही बोललं नाही.

ज्यांच्या घरचं कुणी फडात गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, माणसाला नाही. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. एक दिवस दुखणं आलं, बाईची पाळी असो का काही असो, काम बुडलं की खाडा, म्हणजे मजुरी तर जातेच वर दंड. २०१९ ला आमच्या जिल्ह्यातल्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या, त्याच्यामागं हा खाडा पण होता. म्हणजे त्या लेकरानं जे घरी रोज ऐकलं तेच जसंच्या तसं कागदावर उतरवलं होतं, आणि स्मरणचित्र म्हणजे दुसरं काय असतं सांगा.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते फार उशिरा, मोबाईलवर चंद्रपूरच्या प्रभाकर पाचपुतेंची चित्रं बघताना. गाव सास्ती, घरच्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या, आणि हा माणूस कोळशानंच भिंतीच्या भिंती रंगवतो. त्यांची माणसं बघा, धड माणसाचं आणि डोक्याच्या जागी भलतंच काहीतरी. २०२१ ला वेल्समधला आर्टेस मुंडी नावाचा मोठा पुरस्कार सहा जणांत मिळून दिला, त्यात ते एक. मी तर गारच पडलो, म्हणलं हे तर आपल्या वर्गात आलं होतं आणि आपण तीस मार्क दिले.

आता सगळंच मला आवडतं असं नाही. ओलाफुर एलियासन या परदेशी कलाकारानं २०१५ ला पॅरिसात हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलंडहून बर्फाचे बारा मोठे तुकडे आणून चौकात वितळायला ठेवले. लोक हात लावून बघायचे, फोटो काढायचे. ठीक आहे. पण पुढच्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आधी टाक्यांपाशी गर्दी होऊन भांडणं नको म्हणून जमावबंदी लागली होती, ते ज्यानं बघितलंय त्याला चौकातल्या बर्फाचं काय कवतिक वाटणार? पाण्यावर कुणाची सत्ता चालते हे आम्हाला प्रदर्शनातून शिकायची गरज नाही. त्याच साली कारखान्याच्या चिमण्या पण चालूच होत्या की, ऊस काय हवेवर आला होता का? ज्या उसाला पाणी मिळतं तोच तोडायला बिनपाण्याच्या गावातली माणसं जातात, हे एवढं जरी कुणी नीट चित्रात आणलं तरी मी म्हणेन बास.

आणि डोंगर फोडायची हौस आजची थोडीच आहे. वेरूळला दर साली पोरांची सहल नेतो, कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, राष्ट्रकूटांच्या काळात, हे मीच घसा फोडून सांगतो. राजा कोण ते परीक्षेत विचारतात. छिन्नी कुणी धरली होती ते आजवर एकाही पोरानं विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं.

म्हणून त्या पत्रवाल्या भाऊंना एवढंच म्हणणं आहे की कळत नाही असं परस्पर ठरवू नका. आम्हाला बघायलाच मिळत नाही, हा खरा घोळ आहे. प्रदर्शनं मुंबईत, फार झालं तर कोचीला. संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, तिथपर्यंत तरी येऊ द्या, आणि तिथून एक टेम्पो करून आमच्यासारख्या शाळांच्या व्हरांड्यात दोन-दोन दिवस लावा, प्रिंट असल्या तरी चालतील. त्या पोराच्या चित्राचा कागद मी कपाटात शोधला, सापडला नाही, रद्दीत गेला असणार. पोरगा आता बायकोला घेऊन कर्नाटकात तोडीला जातो असं कळलं.

फक्त एक करा, जे काय ठेवायचं ते दसऱ्याच्या आत ठेवा. नंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, गावात बघायला म्हातारी माणसंच उरतात.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, ता. पाटोदा, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती)