प्राध्यापकांची सही नको, मत विचारा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यावर पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन प्रतिनिधी असावेत, त्यांत किमान एक महिला, आणि वर्षातून किमान चार बैठका व्हाव्यात, असे कायदा सांगतो. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात अशा समितीवर होतो. विषयपत्रिका आदल्या संध्याकाळी मिळे. बैठकीत चहा येईपर्यंत ठराव मंजूर झालेले असत. एकदा तर एक विषय बंद करण्याचा निर्णय तो शिकवणाऱ्या बाईंना सूचनाफलकावरून कळला! बावीस वर्षे तो विषय शिकवणाऱ्या व्यक्तीला साधे विचारावेसेही कोणाला वाटले नाही, हे मला आजही सलते.

तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या, शिक्षकांचे तर नावच नको. कितीतरी विभागांचा भार त्यांच्यावर आहे, पण समितीवरील शिक्षक प्रतिनिधींच्या निवडणुकीत त्यांना मत नाही.

पुणे विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) आपल्या जिल्ह्यातून निवडून जाणाऱ्या प्राध्यापकांनी हा प्रश्न तिथे मांडावा. विकास समितीची विषयपत्रिका आठवडाभर आधी आणि इतिवृत्त प्रत्येक शिक्षकाला मिळालेच पाहिजे.

– एक निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोड, नाशिक