एचुकाहून पत्र

ती. आई-बाबा,
सा. न.

ईस्टरच्या सुट्टीत तंबू, गॅसची शेगडी आणि मुलं गाडीत घालून आम्ही मेलबर्नहून उत्तरेला निघालो. पहिला मुक्काम मरे नदीच्या काठी, एचुकाला. अलीकडे व्हिक्टोरिया राज्य, पलीकडे न्यू साउथ वेल्स. कॅम्पॅस्पी नदी इथेच मरेला मिळते. आपल्या हरिपूरच्या संगमाची फार आठवण झाली.

बाबा, इथला धक्का तुम्ही बघायलाच हवा. १८६४ साली मेलबर्नहून रेल्वे इथवर आली आणि पुढच्याच वर्षी नदीवर हा धक्का उभा राहिला. दूरदूरच्या मेंढीपालांची लोकर वाफेच्या बोटींतून यायची, इथे मालगाडीत चढायची आणि मेलबर्न बंदरातून विलायतेला जायची. सगळं बांधकाम रेड गम नावाच्या झाडाच्या लाकडाचं, आणि एकाखाली एक मजले. ही नदी कोरड्या दिवसांत पार खाली जाते आणि पुरात कित्येक पुरुष चढते. पाणी असेल त्या मजल्याला बोट लावायची. १८६६ साली बांधलेली 'ॲडलेड' बोट अजून जपून ठेवली आहे. आम्ही बोटीतून फिरलो तेव्हा मुलं भट्टीपासून हलायला तयार नव्हती. त्यात अजून लाकडाचे ओंडकेच घालतात.

आई, काळजी करू नकोस, तंबू मोकळ्यावर लावला होता. रेड गमच्या फांद्या वारा नसतानाही अचानक मोडून पडतात, म्हणून त्या झाडाखाली कुणी झोपत नाही. रात्री पिठलं-भात केला. शेजारच्या तंबूतल्या आजींनीही आवडीने खाल्ला.

त्या आजी गावातल्याच. त्यांनी २०२२ च्या ऑक्टोबरमधल्या पुराचं सांगितलं. पाणी यायच्या आधी, काही दिवसांत, गावातून मातीचा लांबच लांब बांध घातला. बरंचसं गाव वाचलं, पण काही घरं बांधाच्या नदीकडच्या बाजूला राहिली. आजींच्या बहिणीचं घर त्यातलंच. त्या मात्र पाणी दारात यायच्या आत कागदपत्रं, औषधं आणि कुत्रा घेऊन निघाल्या होत्या. घर पुढे दुरुस्त झालं.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तुम्हीच आहात. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागात बोटी फिरल्या, आणि तुम्ही दोघं माडीवर मेणबत्तीच्या उजेडात दोन रात्री काढल्यात. फोन लागत नव्हता. बाबा, २००५ ला पाणी पायरीपर्यंतच आलं होतं, हा हिशेब आता धरू नका. तुमचे गुडघे आणि आईचं इन्सुलिन, दोन्ही तेव्हा नव्हतं.

म्हणून एवढं ऐकाच. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा पातळी. ४५ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. ४० ऐकलं की त्याच दिवशी विश्रामबागेत मावशीकडे जायचं. मी तिच्याशी बोलले आहे, मागची खोली ती जूनपासून रिकामी ठेवणार आहे. घराची कागदपत्रं आणि फोटोंचे अल्बम मे महिन्यातच तिकडे नेऊन ठेवा. देव तुमच्याबरोबर न्या, पण तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर राहू देत. आई, त्यांच्यासाठी थांबू नकोस.

रविवारी फोन करते. तेव्हा मला फक्त 'हो' सांगा.

तुमची,
धाकटी