भयपटातला राक्षस खरा दिसलाच पाहिजे का?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील चित्रपट परीक्षणे मी नियमित वाचतो. भयपटांविषयी लिहिताना ‘व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्ये) कच्चे आहेत’ एवढ्या एका वाक्यात चित्रपट निकालात काढण्याची जी पद्धत अलीकडे पडली आहे, तिच्याविषयी लिहावेसे वाटले. मी शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवली. त्यामुळे एखाद्या वस्तूत करणाऱ्याचा हात कुठे दिसतो, याकडे माझे लक्ष आपोआप जाते. यंदाच्या मे महिन्यात, दुपारी घराबाहेर पाय ठेवण्याची सोय नसल्याने, सुटीवर आलेल्या आठवीतल्या नातवाबरोबर मी घरच्या टीव्हीवर भुताखेतांचे आणि राक्षसांचे बरेच चित्रपट पाहिले.

१९३३ सालचा ‘किंग काँग’ लावला तेव्हा तो कृष्णधवल आहे म्हणून नातू नाखूश होता. अर्ध्यावर त्याने रिमोट घेऊन चित्र थांबवले आणि विचारले, “आजोबा, वारा तर नाही, मंग याचे केस काहून हालून राह्यले?” प्रश्न नेमका होता. तो महाकाय वानर बहुतेक दृश्यांत जेमतेम दीड फूट उंचीचा, धातूच्या सांगाड्यावर रबर आणि सशाची कातडी चढवलेला बाहुला आहे. विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी तो बाहुला किंचित हलवून एक चित्र टिपत, पुन्हा हलवून दुसरे; पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशी चोवीस चित्रे. दर वेळी बोटे लागून केस विस्कटत आणि पडद्यावर ते सळसळताना दिसत. हे कळल्यावर नातू हसेल असे मला वाटले होते. उलट तो टीव्हीच्या आणखी जवळ सरकला, आणि शेवटी विमानांतून झाडलेल्या गोळ्या लागल्यावर काँग छातीवरची जखम बोटांनी चाचपून पाहतो, तिथे अगदी गप्प झाला.

१९५४ सालच्या जपानी ‘गोजिरा’मध्ये (म्हणजे गॉडझिला) तर राक्षसाच्या आत माणूसच आहे, आणि ते लपतही नाही. हारुओ नाकाजिमा या अभिनेत्याने सुमारे शंभर किलो वजनाचा रबरी पोशाख घालून, प्रखर दिव्यांखाली, टोकियोच्या छोट्या प्रतिकृती तुडवल्या. एका वेळी काही मिनिटांपेक्षा जास्त त्या पोशाखात राहणे त्यांना जमत नसे. नागपूरच्या उन्हाळ्यात बसून हे पाहणाऱ्याला राक्षसाची भीती वाटण्याआधी आतल्या माणसाची दया येते. तरीही तो चित्रपट बोचतो, कारण त्याच वर्षी मार्च महिन्यात बिकिनी बेटावरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत एका जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली होती, आणि चित्रपटाची सुरुवातच समुद्रात अचानक पेटून बुडणाऱ्या बोटीने होते. त्या राक्षसाची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या वाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला कातडी हातमोजा ओढून मिळवली. डोळे मिटून ऐकावी अशी ती आहे.

ऐकण्यावरून आठवले. घरी भयपट पाहताना आमची खरी अडचण चित्राची नसून कूलरची आहे. जिना चढणारी पावले, दाराची करकर, कुणाचा तरी श्वास, हे सारे कूलरच्या घरघरीत बुडून जाते. आवाज वाढवावा तर पुढच्याच किंचाळीला शेजारी जागे होतात. शेवटी रात्री अकरानंतर कूलर बंद, ट्यूबलाइट बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि सर्वांना घामाच्या धारा, असा तोडगा आम्ही काढला. पहिल्या वेळी चित्रपट न थांबवता पाहायचा आणि रिमोटची कारागिरी दुसऱ्या दिवशी, हाही नियम त्यातूनच आला. ट्यूबलाइटच्या उजेडात, जेवता जेवता, मध्ये फोन घेत पाहिलेला भयपट भीतिदायक नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

‘जॉज’मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडत असल्यामुळे तो तासाभराहून अधिक काळ नीट दिसतच नाही, आणि चित्रपटाचे त्यात भलेच झाले, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मला त्याहून आपला, कोकणातल्या पावसात भिजलेला ‘तुंबाड’ जवळचा वाटतो. २०१८ च्या या चित्रपटातील हस्तर हा राक्षस संगणकावर किती नीट बेतला आहे, याची चर्चा ज्यांना करायची त्यांनी खुशाल करावी. आमच्या घरी परिणाम झाला तो त्याला भुलवण्यासाठी नेलेल्या कणकेच्या बाहुलीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी परातीत कणीक मळत असताना नातू स्वयंपाकघराच्या दारातच थबकला आणि त्याने नाश्त्याला पोळीऐवजी पोहे मागितले.

राक्षस खरा दिसला तरच त्याची भीती वाटते हे गृहीतक निदान नागपूरकरांनी तरी मान्य करू नये. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीने निघणाऱ्या मारबती, म्हणजे राक्षसिणीचे भले मोठे पुतळे, काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून आपण पाहत आलो आहोत. बांबूच्या कामट्या, कागद आणि रंग यांचे ते काम आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत असते. तरीही ‘घेऊन जा गे मारबत’ या आरोळीसोबत ती गर्दीतून डोलत पुढे आली की खांद्यावरची पोरे बापाचे केस घट्ट धरतात. माझ्या लहानपणी इतवारीत मीही धरले होते.

तेव्हा परीक्षकांना विनंती एवढीच, की राक्षस किती हुबेहूब झाला आहे हे लिहिताना तो कधी दाखवला, किती वेळ लपवला आणि त्याच्या आधी काय ऐकू आले, यावरही दोन ओळी खर्च कराव्यात. नातवाने यंदा पोळ्याला पुन्हा यायचे ठरवले आहे. मिरवणूक तर पाहायचीच, पण त्याआधी मारबतीचा सांगाडा कामट्यांनी बांधताना पाहायला मिळेल का, असे तो विचारतो आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, नागपूर